इजिप्तला आईबाबांना नेताना

चि. सोनू यास,


इजिप्तचा तुझा आराखडा मिळाला. मेहनत घेतली आहेस हे दिसतंय. प्रत्येक फ्लाइटची वेळ आणि प्रत्येक हॉटेलचा भाव टिपून ठेवला आहेस. तू माझं मत मागितलंस म्हणून मोकळेपणाने सांगते. आठ दिवसांत कैरो, अलेक्झांड्रिया, लक्झर, अस्वान, अबू सिंबेल आणि वर हुरघाडाचा समुद्र, हे बसत नाही. कागदावर बसवता येतं, पण त्या कागदावर नुसती ठिकाणं आहेत. ताईचा गुडघा त्यात नाही, भावोजींची दुपारची झोप नाही, छकुलीची भूक नाही. पाच माणसं जाणार आहात, त्यातली दोन सत्तरीची आणि एक नऊ वर्षांची. तेव्हा प्रत्येक ठिकाणापुढे लिही, हे मी कोणासाठी पाहणार आहे? मी तुझ्याच कागदावर तसं लिहून पाहिलं, तेव्हा निम्मा बेत बदलला. तो पुढे सांगते. पटेल ते घे.

आधी महिना. छकुलीच्या शाळेमुळे तुझ्यापुढे दोनच मोठ्या सुट्ट्या आहेत, दिवाळीची आणि मेची. मे डोक्यातून काढून टाक. तेव्हा लक्झर-अस्वानकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि राजांच्या दरीत सावली मिळते ती थडग्याच्या आत, तिथेही माणसांच्या गर्दीने कोंदट झालेलं असतं. दिवाळीची सुट्टी उत्तम. नोव्हेंबरात दिवस उबदार असतात, पहाट गार. एकेक पातळ स्वेटर पुरे. नाताळच्या आठवड्यात गर्दीही चढते आणि भावही. हिवाळ्याच्या अखेरीला सध्या रमजान येतो. त्या महिन्यात स्थळं लवकर बंद होतात आणि दिवसा खायला मिळणं अवघड होतं. एरवी रमजानातलं रात्रीचं कैरो पाहण्यासारखं असतं, पण लहान मूल आणि औषधांच्या वेळा सांभाळायची माणसं बरोबर असताना ते नको.

आता नकाशा समोर ठेव. इजिप्तची बहुतेक वस्ती नाईलच्या काठाकाठाने आहे आणि तुला पाहायची आहेत ती बहुतेक स्थळंही. म्हणजे प्रवास जवळजवळ एका रेषेत आहे. उत्तरेला कैरो, तिथून रेल्वेने पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला अस्वान, आणि त्याच्याही खाली सुमारे २८० किलोमीटरवर, सुदानच्या सीमेजवळ, अबू सिंबेल. अलेक्झांड्रिया या रेषेच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रावर. हुरघाडा तर रेषेवर नाहीच. वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राकाठी जावं लागतं. ही दोन्ही नावं खोड. हुरघाडाचं मला काहीच वाटत नाही, पोहायला गोवा आहे. अलेक्झांड्रियाचं वाटतं. जुन्या दीपस्तंभाच्या जागी पंधराव्या शतकात बांधलेला कायतबेचा किल्ला आणि २००२ साली उघडलेलं नवं ग्रंथालय, दोन्ही सुरेख आहेत. पण जाऊनयेऊन पाचसहा तास गाडीत जातात, आणि तो दिवस मला सक्काराला द्यायचा आहे. का ते पुढे येईल.

बहुतेक लोक कैरोपासून सुरुवात करतात. उतरले की दुसऱ्या दिवशी पिरॅमिड, तिसऱ्या दिवशी म्युझियम, मग दक्षिणेकडे. तू उलट जा. कैरोला उतरून पुढचं विमान पकडून थेट अस्वान गाठ, आणि तिथून नदीबरोबर खाली उत्तरेकडे ये. शेवटचे दिवस कैरोत. याला पहिलं कारण साधं आहे. परतीचं विमान कैरोहून आहे. लांबचा भाग आधी उरकला की मधे एखादी फ्लाइट रद्द झाली, कोणाचं पोट बिघडलं, तरी कैरोतला एक दिवस कमी करून सावरता येतं. लांबचा भाग शेवटी ठेवलास तर अस्वानला झालेला उशीर थेट मुंबईच्या विमानावर येऊन आदळतो. मुंबई ते अस्वान शक्यतो एकाच तिकिटावर काढ. वेगवेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर पुढचं तिकीट बुडालं म्हणून समज. एकाच तिकिटावर असेल तर पुढची सोय करणं विमान कंपनीच्या अंगावर पडतं. आणि मधे चारपाच तास हवेत. ताईसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदव. संकोच करू नकोस. तिला विचारलंस तर ती नाहीच म्हणेल, म्हणून विचारू नकोस.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि तिथला वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून दक्षिणेला वाहतो. वर जाताना शीड उभारायचं, खाली येताना उतरवून प्रवाहावर सोडून द्यायचं. हजारो वर्षं तो देश याच एका रस्त्यावर चालला. अस्वानच्या खाणीतला ग्रॅनाइट याच रस्त्याने खाली गेला. कर्नाकचे ओबेलिस्क त्याचे आणि गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमधली राजाची खोलीही त्याचीच. खाण आधी पाहिलेली असली की पुढे प्रत्येक दगड ओळखीचा होतो. उलट क्रमाने गेलास तर शेवटी अस्वानला ती खाण म्हणजे आणखी एक थांबा होऊन बसते.

अस्वानला तीन रात्री ठेव. पहिला दिवस नुसता बसायचा. हॉटेल महागातलं नसलं तरी चालेल, नदीकडे तोंड असलेलं घे. संध्याकाळी फेलुका, म्हणजे तिथली शिडाची होडी, तासभर घ्या आणि नदीतल्या वनस्पती बागेच्या बेटावर उतरा. ताईची गॅलरीतली कुंडी न् कुंडी मला माहीत आहे. ते बेट तिच्यासाठी. तिथे ठिकठिकाणी तुम्हाला करकदे देतील, लाल रंगाचं आंबट सरबत, थंड किंवा गरम. ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं. ताईला आधी सांगू नकोस, चव घेऊन ती स्वतःच ओळखेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपुरा ओबेलिस्क. खडकातून तीन बाजूंनी सोडवलेला, सुमारे ४२ मीटर लांबीचा एकच दगड तिथे आडवा पडला आहे. काम चालू असताना त्याला तडे गेले आणि तो तसाच सोडून दिला. पूर्ण झाला असता तर वजन हजार टनांच्या वर गेलं असतं. त्याच्या कडेच्या चरात नीट पाहा. खडकावर शेजारीशेजारी उथळ खळगे दिसतात, एकसारख्या रुंदीचे. डोलेराइट या कठीण दगडाचे गोटे हातात घेऊन माणसं तिथे ओळीने बसायची आणि ग्रॅनाइट ठेचून काढायची. प्रत्येकाच्या वाट्याची जागा अजून दिसते. मला सगळ्या इजिप्तमध्ये याहून जिवंत जागा थोड्याच वाटतात. तिथल्या पायऱ्या आणि चढउतार ताईला त्रास देतील. तिला खाली सावलीत बसव आणि भावोजींना बरोबर घे. दुपारी झोप, आणि चारच्या सुमारास फिले. होडीतूनच जावं लागतं. धरणांच्या पाण्यात बुडत असलेलं ते देऊळ सुटं करून १९७० च्या दशकात शेजारच्या उंच बेटावर पुन्हा उभं केलं. माहितीतला शेवटचा चित्रलिपीतला लेख तिथे आहे, इसवी सन ३९४ चा. तीन हजार वर्षांहून जास्त चाललेली लिपी त्या भिंतीवर थांबली.

अबू सिंबेल तुझ्या यादीत राहू दे, पण पहाटे तीनचं उठणं नको. अस्वानहून सगळ्या गाड्या अंधारातच निघतात, तीनसाडेतीन तासांनी एकदमच पोचतात, आणि दीडशे माणसांच्या खांद्यांवरून देवळापुढचे रामसेस राजाचे पुतळे पाहून दुपारी पुन्हा तेवढाच प्रवास. त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी निघून त्या गावातच मुक्काम करा. देवळाचं तोंड पूर्वेला आहे. गाड्या यायच्या आत, उगवत्या उन्हात, चार वीसवीस मीटरचे पुतळे जवळपास तुमचेच असतात. तीन रात्रींपैकी एक तिथे गेली तरी हरकत नाही. १९६४ ते १९६८ या काळात हे सगळं देऊळ मोठमोठ्या ठोकळ्यांत कापून सुमारे ६५ मीटर वर आणून बसवलं, नाहीतर ते नासर सरोवराच्या तळाशी गेलं असतं. छकुलीला सांध्यांच्या रेषा शोधायला सांग. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्य गाभाऱ्यापर्यंत पोचतो म्हणून तिथे जत्रा भरते. त्या तारखा टाळ.

अस्वान ते लक्झर बोटीने या. प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या बोटीला बहुतेक तीन रात्री लागतात, वर जाणारीला चार. तुझ्या आराखड्यात हा टप्पा रेल्वेने तीन तासांत उरकला आहे, तो वेळ वाचवणं मला खोटं वाटतं. भावोजींची झोप इथे होते, बॅगा तीन दिवस उघडाव्या-भराव्या लागत नाहीत, आणि काठावर ऊस, केळी, म्हशी, गाळाची काळी जमीन आणि तिच्यापलीकडे एकदम सुरू होणारं पिवळं वाळवंट, हे सतत डोळ्यांपुढून सरकत राहतं. पाणी पोचतं तिथपर्यंत हिरवं, पुढे काही नाही. हे एकदा पाहिलं की वस्ती काठावर आणि थडगी वाळवंटात असं का, ते पुस्तक न उघडता कळतं. वाटेत कोम ओंबोला मगरींच्या ममी आहेत. तो थांबा छकुलीचा. एडफूचं होरसचं देऊळ फार चांगल्या स्थितीत उरलेलं आहे. बोटीपासून तिथे टांग्याने नेतात. घोड्यांची अवस्था पाहवत नाही, तू टॅक्सी कर.

लक्झरला बोट सोडल्यावर आणखी दोन रात्री राहा, जमलं तर तीन. इथे घाई केलीस तर बाकी प्रवासाला अर्थ नाही.

पश्चिम तीर सकाळी, ऊन तापायच्या आत. राजांच्या दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात. तुतनखामुन आणि पहिला सेती यांची तिकिटं वेगळी. कोणती तीन हे दारात उभं राहून ठरवू नकोस. तिसऱ्या थुटमोसच्या थडग्याला उंच शिडी चढून मग खोल उतरावं लागतं, तिथे तू आणि सूनबाई जा. चौथ्या रामसेसचं थडगं जवळजवळ सपाट आहे आणि रंग छतापर्यंत शाबूत, ताईसाठी ते. तुतनखामुनचं थडगं लहान आहे, ४ नोव्हेंबर १९२२ ला हॉवर्ड कार्टरच्या माणसांना पहिली पायरी सापडली ती जागा. त्यातला खजिना आता कैरोत आहे, ममी मात्र तिथेच. छकुलीला ती पाहायचीच असणार, वेगळं तिकीट काढ. इतरांनी नाही पाहिलं तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. दरीतून बाहेर पडल्यावर सगळ्या गाड्या हत्शेपसुतच्या देवळाकडे वळतात. तिथे जाच, पण त्यानंतर ड्रायव्हरला देर अल-मदिना म्हणून सांग. तुझ्या कागदावर हे नाव नाही. बऱ्याच सहलींच्या कागदांवर नसतं. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर जिथे राहत त्या गावाच्या भिंती तिथे कमरेएवढ्या उभ्या आहेत. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना चारचार खोल्यांची चिंचोळी घरं. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात, या लोकांचं धान्य थकलं. पगार धान्यातच मिळायचा. उपाशी राहिलेल्या कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली, चौक्या ओलांडून ते खाली आले आणि देवळांच्या मागे जाऊन बसले. आम्हाला भूक आणि तहान लागली आहे, धान्य द्या, हे वर कळवा, असं त्यांचं म्हणणं. ते सगळं एका पपायरसवर लिहिलेलं आहे, तो आज इटलीत तुरीनच्या म्युझियममध्ये आहे. नोंद सापडलेला हा जगातला सर्वांत जुना संप. भावोजींनी गिरणीत उमेदीची वर्षं घालवली, ८२ चा संप अंगावर काढला, आणि त्यावर ते घरात फारसं कधी बोलले नाहीत. त्यांना त्या बोळात उभं कर आणि गाइडला ही हकीकत सगळी सांगायला लाव. ते ऐकून झालं की बाकीचं इजिप्त त्यांनी नाही पाहिलं तरी मला चालेल.

त्याच गावाच्या कडेला सेनेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे. जिना उभा आणि अरुंद, ताईला नको. आतली खोली लहान, पण भिंतीवरचा पिवळा रंग काल लावल्यासारखा. त्यात तो स्वतः बैलांचा नांगर धरून चालला आहे आणि मागून त्याची बायको पेरते आहे. परलोकातली शेती ती. आयुष्यभर राजांचा परलोक रंगवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी नांगरणी-पेरणी मागितली. फोटो काढून वर ताईला दाखव.

पूर्व तीरावर कर्नाक. खांबांच्या सभामंडपात १३४ खांब आहेत, मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. तिथे सगळेच थांबतात. त्याच्यापुढे हत्शेपसुतचा ओबेलिस्क, अस्वानच्याच ग्रॅनाइटचा. तिथून बहुतेक गट मागे फिरतात. तुम्ही फिरू नका, सरळ पूर्वेच्या टोकाला जा. तिसऱ्या थुटमोसच्या उत्सवमंडपामागे एक पडकी खोली आहे. सीरियाच्या मोहिमांत पाहिलेली झाडं, फुलं, कंद, पक्षी, प्राणी त्याने तिथल्या भिंतींवर कोरून घेतले. काही ओळखू येतात, काही विचित्रच. तिथे गर्दी नसते. ताईला अर्धा तास सोडून दे, मागे लागू नकोस. कर्नाकला पहाटेच जा. लक्झरचं देऊळ संध्याकाळी, दिवे लागल्यावर. त्या देवळाच्या आवारातच एक मशीद आहे आणि तिथे आजही नमाज होते. देवळाच्या दारात एकच ओबेलिस्क दिसेल. त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे.

गरम हवेच्या बलूनचं तू लिहिलं आहेस. माझं मत नको. २०१३ साली तिथे फार मोठा अपघात झाला होता. तेव्हापासून नियम कडक झाले असतील, तरी लहान मुलीला घेऊन माझं मन होत नाही.

मग विमानाने कैरो, चार रात्री. कैरोची वाहतूक मुंबईच्या वरताण आहे. गिझाकडची कामं आणि शहरातली कामं एका दिवसात मिसळू नकोस. हॉटेलही पहिल्या दोन रात्री गिझाला आणि नंतरच्या दोन शहरात घेतलंस तर रोजचे तीन तास वाचतील.

पिरॅमिडसाठी दोन सकाळी ठेव आणि गिझा दुसऱ्या सकाळी. पहिल्या दिवशी गाडी करून सक्कारा आणि दहशूर. अलेक्झांड्रिया खोडली ती यासाठी. सक्काराला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. इमहोतेपने आखला, इसवी सनापूर्वी सुमारे २६५० मधला. आधी एक चपटं थडगं, मग त्यावर दुसरं लहान, असे सहा थर. दहशूरला स्नेफेरूचा वाकडा पिरॅमिड. खाली ५४ अंशांच्या चढाने सुरुवात केली, दगड सरकू लागले असावेत, म्हणून मध्यावर चढ ४३ अंशांवर आणला. लांबूनसुद्धा ती मोडलेली रेषा स्पष्ट दिसते. जवळ गेलास की बाहेरचं गुळगुळीत आवरण बरंचसं जागेवर दिसतं. गिझाला ते जवळपास सगळं गेलं. त्याच्याजवळच त्याच राजाचा लाल पिरॅमिड, आरंभापासून कमी चढाचा, सरळ बाजूंचा. आणि त्याचा मुलगा खुफू, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा. म्हणजे पायऱ्यांच्या पिरॅमिडपासून गिझापर्यंतचा सगळा प्रवास साधारण शतकभरातला, आणि तो चुकतमाकत झालेला एका दिवसात डोळ्यांनी पाहता येतो. हे न पाहता गिझाला गेलं तर खुफूचा पिरॅमिड आकाशातून पडल्यासारखा वाटतो, आणि मग परग्रहवासीयांच्या गोष्टी खऱ्या वाटू लागतात. छकुलीला त्या गोष्टी कोणी सांगण्याआधी तिला वाकडा पिरॅमिड दाखव.

पिरॅमिडच्या आत जायचा हट्ट ताईने करू नये. खुफूच्या पिरॅमिडमध्ये कमरेत वाकून चढावं लागतं. लाल पिरॅमिडला बाहेरून चढून आत साठ मीटरच्या वर उतरायचं आणि तसंच परत. त्याऐवजी सक्काराला मेरेरुकाचं थडगं, जमिनीच्या पातळीवर, खोल्याच खोल्या. मासेमारी, पाणघोड्यांची शिकार, गुरं, हिशेब ठेवणारे कारकून, सगळं भिंतींवर कोरलेलं. ताई तिथे सुखाने फिरेल.

दुसऱ्या सकाळी गिझा. मोठ्या पिरॅमिडची मूळ उंची १४६ मीटर, आता १३८ च्या आसपास, दगड सुमारे २३ लाख. आकडे गाइड सांगेलच. तू भावोजींना मेरेरचं सांग. २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे मिळाले, लिहिलेल्या पपायरसांत आजवरचे सर्वांत जुने. त्यात खुफूच्या काळातल्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची त्याची टोळी तुराच्या खाणीतून चुनखडी होडीत भरून गिझाला आणून टाकायची. आज कुठे होतो, रात्र कुठे काढली, असं रोजचं लिहिलेलं. गुलामांना चाबकाने मारून पिरॅमिड बांधले हे सिनेमातलं आहे. तिथे हजेरी होती, शिधा होता, मुकादम होते. उंटावर बसायचं असेल तर भाव चढायचा आणि उतरायचा मिळून आधी ठरव.

ग्रँड इजिप्शियन म्युझियम गिझाच्या पठाराशेजारीच आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये ते रीतसर उघडलं. तुतनखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू तिथे एकत्र आहेत, आणि खुफूची देवदाराची ४३ मीटर लांब होडीही. पिरॅमिड पाहून त्याच दुपारी जायचा मोह होईल. जाऊ नकोस. पाय थकलेले असले की सोन्याकडेही बघवत नाही. दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी जा, दोन तास पाहा, बाहेर बसून खा, मग हवं तर पुन्हा आत. ममी पाहायच्या तर त्या फुस्तातच्या म्युझियममध्ये; २०२१ साली बावीस राजाराण्यांना मिरवणुकीने तिथे नेलं. तहरीर चौकातलं १९०२ चं जुनं म्युझियम वेळ उरला तर.

शेवटचा दिवस मोकळा ठेव, काहीच न अडकवता. बिघडलेलं काही सावरायला तो लागेल. लागला नाही तर जुन्या कैरोत जा. सुलतान हसनची मशीद, मग इब्न तुलूनची, नवव्या शतकातली, विटांची, मोठ्या शांत चौकाची. आणि बेन एझ्रा सिनेगॉग. तिथल्या एका बंद खोलीत शेकडो वर्षं जुने कागद साठवले होते. त्यांत बाराव्या शतकात मंगलोरला राहून व्यापार करणाऱ्या बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्याचीही पत्रं निघाली, मिरी, लोखंड, घरचा खर्च, सगळं. आपल्या किनाऱ्याचा माल याच शहरात उतरत होता.

जेवणाची काळजी ताई करत असेल. तिला सांग, शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, छोले, मॅकरोनी यांवर टोमॅटोचं आंबट सार आणि तळलेला कांदा. फूल म्हणजे बाकल्याची उसळ. तामिया म्हणजे त्याच बाकल्याचे वडे. बरोबर गरम आइश, म्हणजे त्यांची रोटी. मोलोखियाची हिरवी भाजी शाकाहारी दिसते, पण ती बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजवतात, ती टाळा. चहा बिनदुधाचा मिळेल. दुधाची पावडर आणि चहाचा मसाला बरोबर घे, नाहीतर भावोजींची सकाळ सुरू होणार नाही. पाणी बाटलीचंच.

औषधांचं नीट ऐक. ताईला गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांत ट्रामाडॉल आहे का ते पाहा. आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणारं हे औषध तिथे कडक नियंत्रणाखाली आहे, ते नेल्यामुळे परदेशी माणसं तुरुंगात गेली आहेत. असेल तर डॉक्टरांकडून दुसरं लिहून घे. बाकी सगळी औषधं मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. व्हिसाचे नियम तिकिटं काढायच्या आधी इजिप्तच्या दूतावासाकडून पडताळून घे.

बऱ्याच मोठ्या स्थळांवर तिकिटाला रोख चालत नाही, कार्ड लागतं. दोन वेगवेगळ्या बँकांची घे. बक्षिशीला मात्र सुट्या लहान नोटा रोज लागतात, ज्याने त्याने खिशात वेगळ्या ठेवाव्यात. सामान उचलणारा, होडीवाला, बाथरूमबाहेर बसलेली बाई, यांचं घर त्यावरच चालतं, तिथे हात आखडू नकोस. थडग्यात कोणी दोरी बाजूला करून आत या म्हणाला तर मात्र जाऊ नकोस आणि पैसे देऊ नकोस; तुमच्या श्वासाने आणि हाताने त्या रंगांचं नुकसान होतं. गाइड परवानाधारकच घे, आणि पपायरसच्या किंवा अत्तराच्या दुकानात थांबणार नाही हे बुकिंग करतानाच लिहून घे.

हे सगळं मिळून बारा रात्री होतात. तुझी रजा आठ दिवसांची आहे हे मला माहीत आहे. रजा वाढत नसेल तर अबू सिंबेल सोड, अस्वानला एकच रात्र ठेव, बोट दोन रात्रींची मिळत नसेल तर गाडीने एडफू पाहत लक्झरला ये, आणि कैरोला तीनच रात्री राहा. देर अल-मदिना, कर्नाकची ती खोली आणि दहशूर मात्र कापू नकोस. आधी रजेचं विचारून घे. नंतर ताईला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दिवसाला किती पायऱ्या चालतील हे स्पष्ट विचार. मग सुधारलेला आराखडा मला पाठव, तिकिटं त्यानंतर काढ.

ताई-भावोजींना नमस्कार. सूनबाईंना आशीर्वाद, छकुलीला गोड पापा.

कळावे,
तुझी मावशी